बाईंना विचारा : दहावीच्या पहिल्याच धड्याला वर्ग दोन बाजूंना बसला

या वेळच्या टपालात बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. वर्गात नाजूक विषय निघाला, पोरं एकमेकांवर धावली, आता काय करू? त्यातली चार घेतली आहेत. नावं-गावं काढून टाकली आहेत आणि ओळख पटेल असे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत.

बाई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. राज्यशास्त्राच्या पहिल्याच धड्यात, ‘संविधानाची वाटचाल’मध्ये, राखीव जागांच्या धोरणाचा भाग आहे. तो वाचून झाल्यावर मी सहज विचारलं, ‘मग तुम्हाला काय वाटतं?’ एक मुलगा उठला. ‘आमच्या दादाला नव्वद टक्के पडून नंबर लागला नाही, ह्यांच्यातल्याला सत्तरला लागला.’ मागून आवाज आला, ‘माझ्या आज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते सांग की आधी.’ पुढे कोण काय बोललं ते मला सांगता यायचं नाही. मी पुस्तकं मिटायला लावली आणि स्वाध्याय लिहून दिला. दुसऱ्या दिवशी पाहते तर बाकांवरच्या जोड्या बदललेल्या. एका पालकांनी तक्रारही केली. मुख्याध्यापक म्हणतात, ‘मॅडम, परीक्षेपुरतं शिकवा.’ तसंच करू का? — एक शिक्षिका

नका करू. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला तेव्हापासून तुमच्या भागात हा विषय पारावर आहे, चहाच्या हॉटेलात आहे, पोरांच्या मोबाइलवरच्या स्टेटसला आहे. शाळेनं तोंड फिरवलं म्हणून तो थांबत नाही. उलट, दोन्हीकडची पोरं एका छपराखाली बसलीत आणि मध्ये एक जाणतं माणूस उभं आहे, अशी जागा गावात शाळेशिवाय दुसरी कुठली उरलीय, तुम्हीच सांगा.

पण ‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा नसतो. पोरांना जे वाटतं ते घरून आलेलं असतं, आणि ते बाहेर पडलं की त्यांना त्याची राखण करत बसावं लागतं. आपल्या शाळांनी त्यात आणखी एक खोड लावून ठेवलीय, ती वक्तृत्व स्पर्धांची. ‘आरक्षण : शाप की वरदान’ या विषयावरची किती भाषणं मी परीक्षक म्हणून ऐकली असतील! हात कधी उचलायचा हेसुद्धा पाठ, शेवटी ‘एवढेच बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’, आणि ढाल ज्याचा आवाज मोठा त्याला. समोरचा काय म्हणाला हे ऐकायची त्यात कुणालाच गरज नसते.

तेव्हा सुरुवात अशा प्रश्नांनी करा, ज्यांची उत्तरं बघून सापडतात. २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात शाहू महाराजांचा हुकूम निघाला : यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांनी भराव्यात. मागासवर्गीय म्हणजे कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि दुसरे पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. हे फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘या निम्म्यात कोण कोण आलं?’ पोरं मोजायला लागतात. मराठा आला, माळी आला, धनगर आला, महार आला. म्हणजे आज वर्गात एकमेकांकडे पाठ करून बसलेल्यांचे समाज त्या हुकुमात एकाच ओळीत होते. यावर तुम्ही काही बोलू नका. माझ्या वर्गात हे कळल्यावर बराच वेळ नुसती कुजबुज चालली होती, आणि मग एका पोरानं विचारलं, ‘मग मधी काय झालं?’ हा प्रश्न पोरांतून आला की तुमचा अर्धा तास सार्थकी लागला.

मग बेरीज करायला लावा. राज्यात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती आणि भटक्या जमाती ११, विशेष मागास प्रवर्ग २, इतर मागासवर्ग १९. झाले ५२. त्यावर आर्थिक दुर्बलांचे १०, ते २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनं आलेले. त्यावर २०२४ च्या कायद्यानं मराठा समाजाला दिलेले १०. पोरं ७२ वर पोचतात आणि एखादं हुशार पोर हटकून विचारतं, ‘पण बाई, पन्नासच्या वर चालत नाही म्हणतात ना?’ मग पन्नास टक्क्यांची मर्यादा घालणारा १९९२ चा इंद्रा साहनी खटला सांगा. आधीचा मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये का रद्द केला ते सांगा, आणि नव्या कायद्याचं प्रकरणही कोर्टात गेलंय हेही. न्यायाधीश वर्षानुवर्षं ज्यावर डोकं खपवतात ते आपण पस्तीस मिनिटांत मिटवायला निघालो होतो, हे पोरांच्या लक्षात येतं. आवाज आपोआप खाली येतात.

दादाच्या नव्वद टक्क्यांचंही असंच. ‘यादी आणू या’ म्हणा. प्रवेशाच्या गुणवत्ता याद्या जाहीर होतात. कुठल्या कॉलेजात, कुठल्या शाखेला, कुठल्या प्रवर्गाची यादी किती गुणांना बंद झाली, हे बघता येतं. कधी फरक मोठा निघतो, कधी दोन-चार गुणांचा निघतो. जो निघेल तो वाचायचा, तुमच्या सोयीचा नसला तरी.

एवढं झाल्यावर, दोन-तीन तासांनी, मतांकडे या. माझी रीत जुनीच आहे. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी आपण सांगायचं, आणि ते त्याला पटेल असं सांगायचं. वर्गात मी दोघादोघांना समोरासमोर बसवत असे. पहिल्यानं आपलं सांगायचं, दुसऱ्यानं ते परत सांगायचं, आणि पहिला ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ म्हणेपर्यंत दुसऱ्यानं स्वतःचं सुरू करायचं नाही.

एक जोडी अजून डोळ्यांसमोर आहे. मुलगा तीन एकरवाल्याचा, मुलगी वस्तीवरची. तिनं त्याचं सांगितलं, ‘ह्याचं म्हणणं, ह्यांना बी आरक्षण पाहिजे.’ तो म्हणाला, ‘नाही. एवढंच नाही.’ तिनं परत प्रयत्न केला, ‘ह्याच्याकडं जमीन हाय पण पिकत नाही.’ ‘पिकतं. सोयाबीनला भाव नाही.’ असं तीन-चारदा झालं. ती वैतागली, ‘मग नीट सांग ना!’ तेव्हा तो म्हणाला, ‘ताईचं डी.एड. अर्ध्यात सोडवलं. माझी फी भरायची म्हणून.’ हे त्याच्या शेजारच्या बाकावरच्यालाही माहीत नव्हतं. मुलीनं ते शब्दाला शब्द परत सांगितलं. मग त्याची पाळी. तिचं म्हणणं त्याला पहिल्या झटक्यात सांगता आलं, बहुतेक त्यानं ते आधीही ऐकलं होतं. पण ती म्हणाली, ‘एक राहिलं. स्कॉलरशिपचा फॉर्म घ्यायला उठलं की तुम्ही माना वळवून बघता, ते सांग.’ त्यानं सांगितलं, बाकाकडे बघत. तासाच्या शेवटी दोघांचीही मतं होती तिथेच होती. मधल्या सुट्टीत काही गळ्यात गळे पडले नाहीत. पण ‘ह्यांच्यातला’ हा शब्द त्या वर्गात त्यानंतर फारसा ऐकू आला नाही.

त्या फॉर्मचं मनावर घ्या. वर्गातला मान चर्चेच्या तासाच्या फार आधी ठरलेला असतो. शिपाई नोटीस घेऊन येतो आणि आपण मोठ्यानं वाचतो, ‘अमुक प्रवर्गाच्या मुलांनी उभं राहा.’ त्या क्षणी वर्गाची जी वाटणी होते ती तुमच्या कुठल्याही चर्चेनं भरून निघत नाही. जनरल रजिस्टरला जातीचा रकाना आहे, तो ऑफिसात राहू द्या. मुलांना एकेकटं बोलवा, बँकेचं पासबुक, आधार, दाखल्याची झेरॉक्स अशा दहा कामांत ते एक काम मिसळून टाका. क्लार्क कुरकुरतील, कुरकुरू द्या.

तसंच, ‘तू सांग रे, तुमच्यात कसं असतं?’ असं कुठल्याही पोराला विचारू नका. चौदा-पंधरा वर्षांचं लेकरू अख्ख्या समाजाचं वकीलपत्र घेऊन शाळेत आलेलं नसतं. त्याला बोलायचं असेल तर बोलेल. नसेल तर नाव न घालता चिठ्ठीवर लिहिण्याची सोय ठेवा आणि चिठ्ठ्या तुम्ही वाचा. अक्षर ओळखता येतं म्हणून वर्गात फिरवू नका.

सगळंच चर्चेला ठेवायचं का? नाही. राखीव जागा किती असाव्यात, कुणाला असाव्यात, कधीपर्यंत असाव्यात, यावर दोन काय चार मतं असू द्या. पण शेजारच्या पोरानं माठाला हात लावावा की नाही यावर मतं घ्यायची नसतात. तो निकाल लागलेला आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांना त्यासाठी चालत जावं लागलं आणि संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली. हे पोरांना आधीच स्पष्ट सांगा. कुणी जातीचं नाव शिवीसारखं वापरलं तर तिथल्या तिथे थांबवा. भाषण नको, एवढंच म्हणा, ‘हा शब्द या खोलीत चालणार नाही. तुझा मुद्दा त्याच्याशिवाय सांग.’ आणि त्याला खरोखर सांगू द्या. हाकलून दिलंत तर तो बाहेर हुतात्मा होतो.

पोरं तुम्हाला तुमचं मत विचारतील. खरं तर विचारायच्या आधीच त्यांनी ठरवलेलं असतं, कारण आपल्याकडे बाई वर्गात शिरण्याआधी बाईंचं आडनाव शिरतं. त्यावर मला एकच उपाय सापडला. आपली म्हणून जी बाजू पोरं धरून चालतात, तिच्या विरुद्धची बाजू जास्त मन लावून, जास्त चांगली मांडायची. राजकीय पक्षांबद्दल मात्र तोंड उघडू नका, अगदी निरोप समारंभातसुद्धा.

मुख्याध्यापकांचंही ऐकून घ्या, त्यांना संस्थेला तोंड द्यावं लागतं. पुढचे तीन तास काय घेणार ते टाचणात नीट लिहा, कलमं आणि सनावळीसकट, आणि सही घ्या. तक्रार केलेल्या पालकांना बोलावून पुस्तकाचं ते पान दाखवा. पान शासनाचं आहे, तुमच्या घरचं नाही. बाकांच्या जोड्यांबद्दल एक शब्द बोलू नका. सोमवारपासून सगळ्या वर्गाचे बाक फिरते करा. कारण विचारलं तर मागच्यांना फळा दिसत नाही म्हणा. ते खोटंही नाही.

माझा मुलगा सातवीत आहे. आम्ही पुण्यात राहतो, घरी शुद्ध शाकाहार. मित्राच्या डब्यातलं अंडं बघून तो ‘शी, वास येतोय’ म्हणाला. लहान मुलाचं बोलणं ते! पण बाईंनी त्यावर अख्खा तास घेतला, प्रत्येकाच्या घरी काय शिजतं याची चर्चा केली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गदारोळ झाला. जेवणखाण हा घरचा विषय आहे, शाळेनं त्यात का पडावं? — एक पालक

जेवण घरचं आहे हे मान्य. तुमच्या मुलानं अंडं खावं असं कुणी म्हटलेलं नाही, म्हणूही नये. पण ‘शी’ वर्गात म्हटली गेली, दुसऱ्याच्या डब्यावर म्हटली गेली, तेव्हा ती शाळेची झाली. तो दुसरा मुलगा दुसऱ्या दिवशी डब्यात काय आणणार होता, याचा विचार त्या बाईंना करावाच लागला असता.

आणि अंडं हा आपल्याकडे काही साधा पदार्थ राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं द्यायचं ठरवलं. त्यावरून निवेदनं, आंदोलनं झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. मोठ्यांचं हे असं चाललंय, तर सातवीच्या पोरांनी ‘वास येतो’ म्हटल्यावर नवल कसलं?

बाईंच्या पद्धतीबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. ‘तुमच्या घरी काय शिजतं’ हे सगळ्यांना एकामागून एक सांगायला लावलं असेल तर ते बरोबर नाही. काही घरांत काय शिजतं हे सांगणं पोरांना जड जातं, काही घरांत रात्री काही शिजलेलंच नसतं. त्यापेक्षा ‘बोंबील वाळवतात कसे, कुणाला माहितीय?’, ‘उपासाची भगर कुठे पिकते?’ असं विचारलं असतं तर ज्याला सांगायचं त्यानं सांगितलं असतं.

तुम्ही ग्रुपवर लिहिणं थांबवा. तिथे कुणी कुणाला विचारत नाही, नुसते अंगठे उठतात. शाळेत जा आणि बाईंना दोनच गोष्टी विचारा : तुम्ही काय विचारलंत आणि मुलं काय म्हणाली? बहुतेक वेळा घरी पोचलेला तास आणि झालेला तास यांत बरंच अंतर असतं. आणि मुलाला ‘शी’ऐवजी ‘मला वास सहन होत नाही, मी तिकडे बसतो’ एवढं म्हणायला शिकवा. सातवीतल्याला जमतं.

आठवीत ‘आपली सुरक्षितता’ या विषयावर बोलत होतो. एक मुलगी सगळ्यांसमोर नात्यातल्या एका माणसाबद्दल बोलायला लागली. वर्ग स्तब्ध झाला. मी विषय बदलला. नंतर मुख्याध्यापकांना सांगितलं, ते म्हणाले, ‘घरचं प्रकरण आहे, बघू.’ मी पुढे काय करावं? — एक शिक्षक

सर, हे पत्र पोचताच तुम्हाला फोनवर कळवलं आहे, पण इतरांसाठी इथेही लिहिते. हे घरचं प्रकरण नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या कायद्याच्या, १९ व्या कलमानं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. ‘बघू’ला वेळ नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो, तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.

वर्गात तिला पुढे बोलू दिलं नाहीत हे ठीकच झालं. अशा वेळी ‘तू सांगितलंस हे चांगलं केलंस, आपण दोघं आत्ता बाहेर बोलू’ म्हणून एखाद्या बाईंना सोबत घ्यावं. खोदून विचारू नये, तेच तेच तीन माणसांपुढे वदवून घेऊ नये. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. बाकीच्या वर्गाला ‘याची बाहेर वाच्यता नको’ एवढं बजावा. आणि यापुढे हा विषय घेताना आधीच सांगून ठेवा की स्वतःचं काही सांगायचं असेल तर तासानंतर भेटा, इथे गोष्टीतल्या मुलीबद्दल बोलू.

बाई, मी रत्नागिरीत दहावीत आहे. आमचे सर छान शिकवतात, पण कधी कधी मुलींबद्दल असं काही बोलतात की पटत नाही. ‘मुलींना गणित जड जातं’ वगैरे. मी बोलले तर उलट उत्तर दिलं म्हणतात. गप्प बसू की बोलू? — एक विद्यार्थिनी

बोल. पण कसं बोलायचं ते ऐक. ‘सर, तुमचं चुकतंय’ म्हणालीस की सर आपली बाजू सावरायला लागतील, मग तू कितीही बरोबर असलीस तरी काही उपयोग नाही. ‘सर, मला एक शंका आहे’ म्हण. या वाक्याला शाळेत कुणी अडवत नाही. मग विचार, ‘हे गेल्या वर्षीच्या आपल्या शाळेच्या दहावीच्या निकालात बघायचं का? गणितात मुलींचे आणि मुलांचे गुण शाळेकडे असतील.’ निकाल काय निघेल मला ठाऊक नाही, तुलाही नाही. पण आता तुम्ही दोघं एका कागदाकडे बघताय, एकमेकांकडे नाही.

आणि मतभेद म्हणजे अपमान असं तुला कुणी सांगितलं तर तुझ्याच गावात जन्मलेल्या टिळकांची गोष्ट काढ. टिळक आणि आगरकर दोघंही १८५६ चे. दोघांनी पुण्यात एकाच शाळेत काम केलं, एकच वर्तमानपत्र चालवलं, आणि पुढे सामाजिक सुधारणांवरून असे बिनसले की मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या कायद्याच्या वेळी एक या बाजूला, एक त्या बाजूला. आगरकरांची तर विरोधकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांची भाषा काही नेहमी गोड नव्हती, ती मी तुला घे म्हणणार नाही. पण दोघंही कागदावर मुद्द्याला मुद्दा देत राहिले, तेवढं घे.

सरांचा पारा चढलाच तर त्या तासाला थांब. चाळीस पोरांसमोर मागे यायला कुठल्याच माणसाला आवडत नाही, सरांना तर नाहीच. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी जा, मैत्रिणीला बरोबर ने, वही हातात असू दे. तिथेही ऐकलं नाही तर वर्गशिक्षिकेला सांग. आणि गणिताचा सराव सोडू नकोस. मार्च जवळ आलाय.